इतर हक्क

अर्जाचा विषय बाईनं स्वतःच्या हातानं लिहिला होता:
‘जमिनीत ठेवलेल्या उन्हाबाबत’.
तीनदा वाचला. आवक क्रमांक टाकला.

माघ. सकाळचे सात. परतूरच्या पलीकडं
सत्यभामा ढाकणे यांचा गट,
एक हेक्टर दहा आर, पैकी पोटखराबा चार.
त्या चार आरांत पाच बोअर, तीन-तीनशे फूट,
पाचही नुसता फुफाटा.
कोरड्या बोअरवर आमच्याकडं धोंडा ठेवतात
आणि घरात त्याचा विषय काढत नाहीत.
बाईनं धोंडे काढले.
पॉलिटेक्निकातल्या भाच्याकडून नळ्या सोडून घेतल्या,
पत्र्यावरचं वैशाखातलं ऊन पाण्याच्या पाठीवर लादून
खाली काळ्या खडकाकडं पाठवलं.
‘पाणी न्हाई दिलं त्यानं. म्हणलं, हे तरी सांभाळ.’

बाहेर नऊ अंश. शेडमध्ये पंचवीस.
रेशमाच्या अळ्या तुतीचा पाला खातायत,
शंभर कारकून एकदम फायली चाळताहेत
असा आवाज.

तक्रारदार भानुदास जिगे, लगतचा गट:
‘सायेब, हिच्या उन्हानं मपला बांध कोरला.’

बांध नांगरानं कोरतात. तो मला मोजता येतो,
साखळी टाकली की तास दिसतं, चोर दिसतो.
हे मात्र रात्रीचं खालून जातं,
ढेकूळसुद्धा हलत नाही.
बोअरपासून बांध चार हात, बांधाला खेटून विहीर.
‘इहीर कोमट झाली मपली. पाण्याची चव गेली.’
दोरीला थर्मामीटर बांधून सोडला.
एकोणतीस.
पंच खाजाभाई मणियार वाकून बघायला गेले,
चष्म्यावर वाफ धरली, पुसत म्हणाले,
लिहा, समक्ष पाहिले.

मोटारीच्या हौदापाशी भानुदासची आई बसलेली,
पाय पाण्यात, गुडघ्यापर्यंत.
मला बघून तिनं पदर सावरला.
पाय काढले नाहीत.
‘भरपाई पाहिजे का हिस्सा?’ मी विचारलं.
भानुदास आईच्या पायांकडं बघत राहिला.
मग म्हणाला, ‘माह्यं नाव तर लिहून ठेवा.’

पाण्याला कायदा आहे.
वाळूला लिलाव, मुरमाला स्वामित्वधन.
जमिनीपासून होणारा फायदा जमिनीतच धरावा, असं शिकलो होतो,
पण हा फायदा वरून आलेला,
जमीन नुसती राखणदार.
तहसीलला फोन लावला.
‘मार्गदर्शन मागवा,’ म्हणाले. ‘आणि तोवर?’
तोवर रेंज गेली.

उष्णता खडकातून महिन्याला वीतभर सरकते,
भाच्यानं हिशेब करून दाखवला.
फायलीचा वेग मी त्याला सांगितला नाही.

बाई इतका वेळ गप्प होती.
‘त्याच उन्हात माहा दीर गेला,
दुपारी, ह्याच पत्र्याखाली, नळ्या जोडताना.
त्याच्या कागदावर हृदयविकार लिवलंय.
उन्हाचं नाव कुठंच न्हाई.
आता तुम्ही लिहायलेच, तर नीट लिहा.’

सह्या घ्यायच्या होत्या. बोटं आखडलेली,
पेन धरवेना.
‘नळीला हात लावा,’ ती म्हणाली.
लावले. दोन्ही.
वादातली मालमत्ता, पंचांसमक्ष, दीड मिनिट.
खाजाभाई हसले: हे पण लिहायचं का?

सातबाऱ्याच्या उजव्या अंगाला, ‘इतर हक्क’ मध्ये,
पेन्सिलीनं लिहिलं:
ऊन. अंदाजे. मौजे ढाकणे यांचे—
खोडलं. मौजे गावाला लावतात.
पुन्हा लिहिलं.
हद्दीच्या जागी चार हात, त्यापुढं प्रश्नचिन्ह,
आणि भानुदासचं नाव, बारीक.

फाल्गुनात खडक रिकामा होईल.
अहवाल तेव्हा टपालात असेल.